तनू कुठे जाते? राज्यगीत, बालपण आणि सीमेवरची आठवण

२००४ सालच्या जूनमध्ये मी बेळगावच्या दक्षिणेकडील एका खेड्यातल्या मराठी शाळेत पहिलीला बसले. त्याच वर्षीच्या ६ जानेवारीला कर्नाटक सरकारने कवी कुवेंपू यांच्या ‘जय भारत जननिय तनुजाते, जय हे कर्नाटक माते’ या गीताला नाडगीताचा, म्हणजेच राज्यगीताचा, दर्जा दिला होता. पण आम्हा पोरांना त्याची खबर असण्याचे कारण नव्हते. आम्हाला एवढेच कळत होते की सकाळच्या प्रार्थनेला एक कन्नड गाणे म्हणायचे आहे आणि बाईंनी त्याच्या ओळी फळ्यावर देवनागरीत लिहून दिल्या आहेत. ‘माते’ समजत होते. ‘तनुजाते’ मात्र आम्ही दोन तुकड्यांत ऐकले : ‘तनू जाते’. कोणी तनू नावाची मुलगी रोज सकाळी कुठेतरी निघालेली असते आणि ती नेमकी कुठे जाते हे गाण्यात पुढे सांगितलेले असावे, असे मी बरेच दिवस धरून चालले होते. पुढे ‘सर्व जनांगद शांतिय तोट’ ही ओळ येई आणि तिच्या यमकाला ‘नोट’ हा शब्द येई, तेव्हा तोटा आणि नोट म्हणजे हा काहीतरी पैशांचा व्यवहार असणार, अशीही माझी समजूत होती. कन्नडमध्ये तोट म्हणजे बाग आणि नोट म्हणजे दृश्य. सर्व समाजांच्या शांततेची बाग आणि रसिकांचे डोळे वेधून घेणारे दृश्य, असा त्या ओळींचा अर्थ कळायला मला पाचवी उजाडली. तनुजाता म्हणजे कन्या, आणि हे गीत कर्नाटकाला भारतमातेची कन्या म्हणून हाक मारते, हेही तेव्हाच कळले.

आज ते गीत कुठे कानावर पडले, तर मला बागही आठवत नाही आणि कन्याही आठवत नाही. आठवते ते पावसाने चिकचिकीत झालेले पटांगण, पुढच्या मुलीच्या वेण्यांच्या लाल रिबिनी, आणि शाळेच्या मागे दुपारच्या भातासाठी पेटवलेल्या चुलीचा धूर. राज्याचा गौरव करणारे गीत शब्दांतून एक सांगते आणि मनात दुसरेच काही जागे करते, हे कसे घडते? या प्रश्नाचा एक धागा कायद्यात आहे, एक इतिहासात आहे आणि सर्वांत मोठा धागा मेंदूच्या कामकाजात आहे. सीमाभागात राहणाऱ्याला हे तिन्ही एकाच वेळी हाताला लागतात, म्हणून इथूनच ते उलगडणे मला सोपे वाटते.

कायद्याचा धागा आखूड आहे. भारताच्या संविधानात राज्यगीत नावाची गोष्टच नाही. राष्ट्रगीताचा आदर करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ५१-अ सांगतो, आणि ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असल्याचे २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत जाहीर झाले. राज्यांनी मात्र आपापल्या गीताचा निर्णय आपापल्या सवडीने घेतला आहे. ओडिशाने ‘बंदे उत्कल जननी’ला २०२० मध्ये आणि तमिळनाडूने तमिळमातेच्या वंदनेला २०२१ मध्ये राज्यगीत म्हटले. महाराष्ट्राची स्थापना १ मे १९६० ची, पण राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे अधिकृत राज्यगीत झाले ते १९ फेब्रुवारी २०२३ पासून, शिवजयंतीचा मुहूर्त साधून. म्हणजे बासष्ट वर्षांहून अधिक काळ ते गीत कोणत्याही शासकीय आदेशाविना लोकांच्या तोंडी होते. शासनाने गीत जाहीर करणे म्हणजे बहुतेक वेळा आधीच मुरलेल्या लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवणे असते.

तरीही चिठ्ठीने काही फरक पडतोच, आणि तो प्रामुख्याने घड्याळात दिसतो. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे आहे. महाराष्ट्राने मूळ तीन कडव्यांतील दोन कडवी निवडून १ मिनिट ४१ सेकंदांचे राज्यगीत ठरवले. कर्नाटकाने सप्टेंबर २०२२ मध्ये म्हैसूर अनंतस्वामी यांची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी निश्चित केला. सहा वर्षांच्या पोराला अडीच मिनिटे हात सरळ ठेवून उभे करणे म्हणजे काय असते, हे ज्याने पहिलीचा वर्ग सांभाळला आहे त्यालाच विचारावे.

आता इतिहास. आपण असे समजतो की आधी राज्य होते आणि मग त्याचे गौरवगीत लिहिले जाते. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा आहे. ‘मंगल देशा, पवित्रा देशा, महाराष्ट्र देशा’ असा नमस्कार घालणारे गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, १९१९ च्या जानेवारीत वारले. महाराष्ट्र नावाचे राज्य नकाशावर यायला त्यानंतर एकेचाळीस वर्षे लागली. कुवेंपूंनी ‘कर्नाटक माते’ अशी हाक घातली तेव्हा त्या नावाचे राज्य नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला एकत्र आलेल्या राज्याचे नावही म्हैसूर असेच राहिले, आणि कर्नाटक हे नाव त्याला १ नोव्हेंबर १९७३ रोजी मिळाले. या गीतांनी जे नाही त्याचे वर्णन असल्यासारखे केले, आणि ते वर्णन पिढीभर गाऊन झाल्यावर लोकांना त्याची मागणी करावीशी वाटू लागली.

याचा एक प्रसंग तर आमच्या शेजारच्या शहरातच घडला आहे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. टिळकवाडीत त्यासाठी खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणूनच ओळखली जाते आणि जवळच्या रस्त्यालाही काँग्रेस रोड हेच नाव आहे. त्या अधिवेशनात हुयिलगोळ नारायणराव यांचे ‘उदयवागली नम्म चेलुव कन्नड नाडु’ हे गीत गायले गेले. आमचा सुंदर कन्नड प्रदेश उदयाला येवो, एवढाच त्याच्या पहिल्या ओळीचा अर्थ. ते वर्णन नव्हते, इच्छा होती; आणि कर्नाटकाच्या एकीकरणाच्या चळवळीचे ते पुढे जणू घोषगीतच झाले. दुसऱ्या बाजूला अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घुमली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, आणि मग शाहीर सांगतो की खंडित महाराष्ट्राचीही गत तशीच झाली आहे. त्यात बेळगाव आणि कारवार यांची नावे येतात. राज्याचा प्रश्न आणि घरच्या माणसाची ओढ एकाच गाण्यात इतकी घट्ट विणलेली क्वचितच सापडेल. माझ्या मते राज्यगौरवाच्या गीतांची किल्ली या छक्कडीत आहे, कारण शाहिराने आधी मैना दाखवली आणि मग नकाशा दाखवला.

गौरवगीते रचायची एक ठरलेली पद्धत असते. नद्या, डोंगर, संत, कवी, राजे आणि वीर यांची नावे एकामागून एक घेत जायचे. कारण साधे आहे. राज्य एवढे मोठे असते की कोणीही ते डोळ्यांनी सबंध पाहिलेले नसते, आणि न पाहिलेली गोष्ट मनात उभी करायची तर तिची यादी करावी लागते. महाराष्ट्राचे गीत रेवा आणि वरदेपासून निघून गोदावरीपर्यंत जाते. कर्नाटकाचे गीत शंकर, रामानुज, बसवेश्वर, मध्व, पंप, रन्न अशी माणसांची आणि मग नद्यांची नावे घेते. यादी म्हटली की वगळणेही आलेच. आमच्या जिल्ह्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा दोन्ही गीतांत नाही, गोकाकला बावन्न मीटर खाली झेपावणारी घटप्रभाही नाही. मात्र एक नदी दोन्ही गीतांत आहे. महाराष्ट्राच्या गीतात ती कोयनेच्या जोडीने येते, कर्नाटकाच्या गीतात शरावती, तुंगा आणि कावेरी यांच्या जोडीने येते. ती कृष्णा. महाबळेश्वरला उगम पावून ती आमच्या जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग आणि अथणी या तालुक्यांच्या शेतांना पाणी देत पुढे जाते. आणि मलप्रभा काय, घटप्रभा काय, शेवटी तिलाच मिळतात. दोन राज्यांनी एकमेकांना न विचारता एकच नदी आपल्या यादीत घातली आहे, ही गोष्ट मला शाळेत कोणी दाखवून दिली असती तर भूगोल आणि कविता हे दोन्ही तास अधिक आवडले असते.

आता मोठा धागा. गाणे ऐकल्यावर घरची आठवण येऊन माणूस कासावीस होतो, याकडे युरोपातल्या वैद्यकाचे लक्ष फार पूर्वी गेले. १६८८ साली योहानेस होफर या स्वित्झर्लंडमधील वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या अवस्थेला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतले घरी परतणे आणि वेदना हे दोन शब्द जोडून त्याने तो शब्द घडवला होता आणि तो रोगाचे नाव म्हणून घडवला होता. मराठीत आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो. ग्रीक शब्दात वेदना आहे आणि आपल्या शब्दात रंजन आहे. खरा अनुभव या दोहोंच्या मधला आहे, आणि त्यासाठी ‘भरून येणे’ हे बोलीतले क्रियापदच मला अधिक नेमके वाटते. पुढे १७६८ च्या आपल्या संगीतकोशात रूसो या तत्त्वज्ञाने लिहून ठेवले आहे की स्विस गुराख्यांची एक चाल परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांपुढे वाजवायला सक्त बंदी होती, कारण ती ऐकून सैनिक रडू लागत आणि पळून जात. त्या चालीत संगीत म्हणून तसे काही विशेष नाही, असेही तो सांगतो. त्याच्या मते तिथे संगीत हे संगीत म्हणून काम करत नाही. ते आठवणीची खूण म्हणून काम करते. अडीचशे वर्षांपूर्वीचे हे वाक्य आजच्या प्रयोगशाळांना फारसे खोडावे लागलेले नाही.

खूण म्हणजे काय, ते असे समजून घेता येईल. आपण एखादा प्रसंग मनात साठवतो तेव्हा त्या प्रसंगाचा आवाज, वास, ऊन-पाऊस, शेजारी कोण उभे होते आणि आपल्याला कसे वाटत होते, हे सारे एकाच गाठोड्यात बांधले जाते. पुढे त्यातले एक टोक हाताला लागले की बाकीचे आपोआप ओढले जाते. वासाचे टोक असते तसे सुराचेही असते, पण सुराला एक सोय अधिक आहे. धूर किंवा ओल्या मातीचा वास दर वेळी थोडा निराळा असतो. गाण्याची चाल मात्र वीस वर्षांनीही तीच असते. शिवाय गाणे काळात उलगडते. पहिली ओळ ऐकताच मन दुसरीची वाट पाहू लागते, ती आली की समाधान पावते, आणि या अपेक्षेच्या खेळात आपण त्या जुन्या प्रसंगात पाच-दहा क्षण अधिक रेंगाळतो. पीटर जनाटा या संशोधकाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांच्या वयाच्या आठ ते अठरा वर्षांच्या काळात गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. ज्या गाण्यांनी स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी केली, त्या वेळी कपाळामागच्या मेंदूच्या मधल्या भागात विशेष हालचाल दिसली. आपण स्वतःविषयी विचार करतो तेव्हाही कामाला लागणारा हाच भाग आहे. म्हणजे ओळखीचे गाणे ऐकताना आपण गाण्याइतकेच स्वतःला ऐकत असतो.

यात वयाचा मोठा वाटा आहे. प्रौढ माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावले, तर दहाव्या वर्षापासून साधारण पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी त्यांच्या वाजवी वाट्यापेक्षा कितीतरी जास्त निघतात. आलेख काढला तर तिथे टेकाड दिसते. याला स्मरणाचा उंचवटा म्हणता येईल. पहिली शाळा, पहिली मैत्री, पहिल्यांदा घर सोडणे हे सारे याच टप्प्यात घडत असते, आणि पहिलेपणाची शाई गडद असते. पण गाण्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत आढळली. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांखेरीज आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही जवळची वाटतात, आणि त्यांच्या मनातही त्या गाण्यांशी आठवणी जोडलेल्या असतात. घरात वाजणारे गाणे मुलाच्या वाट्याला वारसा म्हणून येते. आमच्या घरी आजोबांचा रेडिओ होता. एकीकडे काटा वळवला की सांगली लागे, दुसरीकडे वळवला की धारवाड. मधल्या खरखरीत दोन्ही केंद्रे एकमेकांत मिसळत, आणि बातम्यांचे मराठी वाक्य कन्नड भावगीताच्या ओळीवर जाऊन आदळे. १९६० नंतरच्या दशकात तरुण असलेल्या माणसाचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गाणे २००५ साली सात वर्षांच्या नातीला आपलेसे का वाटावे, याचे उत्तर त्या रेडिओच्या काट्यात आहे.

आता तनूकडे परत येऊ. अर्थ मुळीच कळत नसताना एवढे लांब गीत मला पाठ कसे झाले, आणि अर्थ कळून इतकी वर्षे झाल्यावरही ते चुकीच्या तुकड्यांतच का ऐकू येते? मौखिक परंपरेतील स्मरणाचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड रुबिन यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे की गाणी आणि महाकाव्ये लक्षात राहतात ती अनेक बंधनांच्या एकत्रित बळावर. लय सांगते की इथे एवढ्याच मात्रांचा शब्द बसेल, यमक सांगते की त्याचा शेवट असा हवा, आणि अर्थ सांगतो की तो अमुकच असणार. तीन दोर असले की एखादा तुटला तरी बोचके पडत नाही. माझ्या बाबतीत अर्थाचा दोर तुटलेलाच होता. पण तोट आणि नोट यांचे यमक आणि ओळीची चाल शाबूत होती, म्हणून गीत पडले नाही. मनाला मात्र रिकामी जागा खपत नाही. परक्या भाषेतला आवाज आला की ते त्यात आपल्या भाषेचे शब्द शोधते आणि सापडले नाहीत तर बसवते. मराठी आणि कन्नड यांनी संस्कृतातून उचललेले शब्द समान असल्याने सीमेवरच्या मुलाला अर्धे गीत कळल्यासारखे वाटते, आणि उरलेल्या अर्ध्यात तो आपली तनू घुसवतो. आमच्या वर्गातल्या कन्नडभाषक मुलांचेही उलट बाजूने असेच होत असे. ‘गर्जा’ हे कोणाचे तरी नाव आहे, असे एकाला वाटत होते.

एकत्र गाण्याचा परिणाम हा निराळा विषय आहे, पण त्याला थोडे तरी स्पर्शून जायला हवे. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली लिहिले की शब्द कितीही सामान्य असोत आणि चाल कितीही साधी असो, एकमेकांना अजिबात न ओळखणारी माणसे एकाच क्षणी तेच गीत गातात तेव्हा न पाहिलेला समाज कानाला जाणवतो. यात शरीराचा भाग आहे. शंभर मुले एकाच ठिकाणी श्वास घेतात, एकाच ठिकाणी सोडतात. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत बेळगावच्या रस्त्यावर रात्री ज्याने उभे राहून पाहिले असेल, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. कर्णे फाटके असतात, सूर कोणाचाच नीट लागत नाही, आणि तरीही अंगावर काटा येतो.

याच कारणाने चालीवरून वाद पेटतात. कुवेंपूंच्या गीताला म्हैसूर अनंतस्वामी यांची चाल आहे तशीच सी. अश्वथ यांचीही आहे, आणि कोणती चाल अधिकृत करावी यावर कर्नाटकात अनेक वर्षे खल झाला. बाहेरच्या माणसाला हा संगीताचा वाद वाटतो. पण ज्याने शाळेत एक चाल म्हटली त्याला दुसरी चाल ऐकू आली की शब्द तेच असूनही गाठोडे सुटत नाही. कुलूप तेच आणि किल्ली मात्र शेजाऱ्याची, असे त्याचे होते. शासन चाल ठरवते तेव्हा पुढच्या पिढीच्या आठवणीची किल्ली कोणती असेल, हेही ते नकळत ठरवून टाकत असते.

सीमाभागात या सगळ्याला धार येते. १ नोव्हेंबरला बेळगावात राणी चन्नम्मा चौकाकडे राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाच्या, मिरवणुका निघतात, आणि त्याच दिवशी मराठी भाषक काळा दिवस पाळतात, कारण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग त्यांच्या इच्छेविरुद्ध म्हैसूर राज्यात गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. महाराष्ट्राने या भागासाठी २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, म्हणजे माझे पहिलीचे वर्ष, नाडगीताचे वर्ष आणि दाव्याचे वर्ष एकच. रस्त्यावर ही दोन गीते समोरासमोर उभी केली जातात. माझा पक्ष काय, हे लपवण्याचे मला कारण नाही; घरी जे बोलले जाते तीच माझी भाषा आहे आणि तिच्यात शिकण्या-वागण्याचा हक्क मला हवा आहे. पण आठवणीची व्यवस्था न्यायालयासारखी चालत नाही. तिथे एक गीत दाखल झाले म्हणून दुसरे खारीज होत नाही. माझ्या डोक्यात एक गीत पटांगणाच्या चिखलापाशी बांधलेले आहे आणि दुसरे आजोबांच्या रेडिओपाशी, आणि इतक्या वर्षांत त्यांची एकमेकांशी गाठही पडलेली नाही. म्हणून नाडगीत ऐकून एखाद्या मराठी माणसाचे डोळे पाणावले तर त्याला फितूर ठरवणे आणि महाराष्ट्रगीत ऐकून एखादा भारावला तर त्याला या मातीचा शत्रू ठरवणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच अडाणीपणाच्या वाटतात. तो बहुधा राज्यासाठी रडतच नसतो.

मग तो कशासाठी रडतो, हे मला आजीकडून कळले. राज्यगीते शंभर-सव्वाशे वर्षांची. त्यांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे मुलखाचा गौरव आणि बालपणाची आठवण यांना एकत्र बांधणारा एक गीतप्रकार आहे, तो म्हणजे जात्यावरची ओवी. लग्न होऊन परगावी गेलेली बाई पहाटे दळताना माहेरची वाट, तिथला ओढा, येऊ घातलेला भाऊ आणि दारातली तुळस गात असते. तिच्यासाठी बालपण आणि जन्मभूमी एकच असते आणि दोन्ही तिने एकाच दिवशी सोडलेली असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत; राज्याचे नाव नसलेला एवढा मोठा गौरवग्रंथ कोणत्याही सरकारला छापता आला नसता. माझ्या आजीचे माहेर चंदगड तालुक्यातले. तिच्या लहानपणी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढे मुंबई राज्यात राहिले. आजीचे लग्न त्यानंतरचे, त्यामुळे ती दुसऱ्या राज्यात नांदायला आली. तिला विचारले तर ती सांगे, “आमच्या ताम्रपर्णीचं पाणी घटप्रभेला मिळतंय, आणि घटप्रभा इकडंच येतीय गे, पाण्याला कोण अडवलंय?”

काही वर्षांपूर्वी मी तिच्या ओव्या उतरवून घ्यायला बसले. खुर्चीवर बसवून, फोन समोर ठेवून तिला म्हणायला सांगितले, तर दोन ओव्यांनंतर ती अडखळली. शब्द ओठांवर येत होते आणि परत जात होते. ती माझ्यावरच चिडली की असे परीक्षेला बसवल्यासारखे काय विचारतेस. मग आईने माळ्यावरून जाते खाली उतरवले, खुंटा ठोकून बसवला आणि पाळीत मूठभर नाचणी टाकली. आजी एक पाय लांब करून बसली, खुंटा धरला, आणि दुसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मागची ओवी संपते न संपते तोच पुढची सुरू होत होती. हाताने वर्षानुवर्षे केलेल्या कामाची आठवण ही नावे-तारखा लक्षात ठेवणाऱ्या आठवणीहून वेगळ्या वाटेने जपली जाते, आणि म्हातारपणी नावे पुसट झाली तरी ती वाट बहुधा मोकळी राहते. आजीच्या ओव्या तिच्या खांद्यात होत्या, आणि मी त्या तिच्या तोंडाकडे मागत होते. चौदा ओव्या झाल्या. त्यांत एकीत ताम्रपर्णी होती, दोनांत भाऊ होता, आणि राज्य कुठेच नव्हते. मग पाळीतले दाणे संपले आणि ती थांबली. पुढची ओवी आठवत नाही का, असे मी विचारले, तेव्हा मोकळे जाते ओढू नये एवढेच ती म्हणाली आणि तिने मला आणखी दोन मुठी नाचणी आणायला उठवले.